माळवदावर कोण चढणार?

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, वय ४७. आमचा वाडा लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. पुढे ढाळज, म्हणजे दारालगतची बैठकीची ओसरी, आत दोन चौक, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. आजोबा १९७४ मध्ये गेले. त्यांना दोन मुलगे, दोन मुली. माझे वडील आणि चुलते आता दोघंही नाहीत. काकू एकट्याच वाड्यात राहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्याही मुलाकडे सोलापूरला गेल्या आणि वाड्याला कुलूप लागलं. गेल्या पावसाळ्यात मागच्या सोप्याचा, म्हणजे चौकालगतच्या पडवीचा, कोपरा बसला. चुलतभावाचं म्हणणं, जेसीबी लावू, सागवान विकू आणि जागा निम्मी निम्मी करून मोकळं होऊ. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता, माळवदाखाली तो आजही झोपत नाही. मला मात्र वाडा ठेवायचा आहे. आमचं घर तीनशे वर्षांचं, असं लहानपणापासून ऐकत आलोय. मोडी कागदांचं एक गाठोडंही आहे, पण ते वाचता कुणाला येत नाही. एक कंत्राटदार म्हणतो, भिंती तशाच ठेवा, माळवद उतरवून स्लॅब टाका, म्हणजे दोघांचंही समाधान. आत्यांनी हक्क सोडल्याचं पूर्वीच तोंडी सांगितलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. वाडा वाचवायचा तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमच्या पत्रात चौक आहेत, ढाळज आहे, तीनशे वर्षं आहेत. एक गोष्ट मात्र कुठेच नाही. काकू सोलापूरला गेल्यापासून मृगाच्या आधी माळवदावर कोण चढलं?

कुणीच नाही, असं धरून चालते. तो कोपरा म्हातारपणाने बसलेला नाही. दोन पावसाळे वर कुणी फिरकलं नाही, म्हणून तो बसला. तुळयांवर सर (बारीक आडवी लाकडं), त्यावर किलचा (लाकडाच्या चिपा), त्यावर पाला आणि मग मातीचे थर, अशी ही छपराची रचना. ती दरवर्षी हात फिरेल, हे गृहीत धरूनच केलेली असते. उन्हाने माती भेगाळते, गवताची मुळं आत जातात, उंदीर-घुशी पोखरतात. जूनच्या तोंडावर गवत मुळासकट काढायचं, बिळं बुजवायची, माती चोपून उतार पन्हळीकडे नीट करायचा आणि पन्हळी मोकळ्या करायच्या. काकू हे सगळं गडी लावून करून घेत असणार आणि घरातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसणार. त्या गेल्या आणि ते काम थांबलं. पाणी आधी पाल्याच्या थरात शिरतं, मग तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी साचतं. ते टोक कुजलं की वरचं सगळं वजन खाली येतं. बाहेरून तोपर्यंत काही दिसत नाही.

तेव्हा "वाडा ठेवायचा की पाडायचा" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की येत्या मृगाआधी आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक मृगाआधी वर जाणारा माणूस कोण? त्याचं नाव सांगता येत नसेल, तर कितीही खर्चाची दुरुस्ती पाच-सहा पावसाळ्यांपलीकडे टिकणार नाही.

आता चुलतभावाबद्दल. तुमच्या पत्रात त्यांची भीती जरा हट्टासारखी उतरली आहे. ती तशी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते तेव्हा, तुमच्याच तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. सुमारे ८,००० माणसं गेली. धक्का ६.२ च्या आसपासचा होता. जगात इतक्या तीव्रतेचे भूकंप इतरत्रही होतात, पण सहसा इतकी माणसं मरत नाहीत. इथे मेली ती बहुतेक स्वतःच्या घरांखाली. दोन बाजूंना दगड, मधे मातीगोट्यांची भर अशा रुंद भिंती, त्या दोन बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचा डोंगर. आठ वर्षांच्या पोराने ते पाहिलं असेल, तर त्याला "अहो, आपला वाडा मजबूत आहे" एवढं सांगून भागणार नाही. मजबूत आहे की नाही, हे आधी तपासायला हवं.

ते तपासायची जागा अशी. खणाच्या घरात (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) माळवदाचं वजन लाकडी खांब आणि तुळयांवर असतं, भिंत असते ती आडोशाला. साध्या घरात तुळया थेट भिंतीवर टेकवलेल्या असतात. किल्लारीत हा फरक जिवावरचा ठरला. ज्या घरांत लाकडी सांगाडा पुरा होता, तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळूनही छप्पर खांबांवर उभं राहिलं. म्हणून सोप्यात उभं राहून बघा. भिंतीच्या कडेलाही, किंवा भिंतीत अर्धे बुजलेले, खांब आहेत का? की चौकाकडे तेवढे खांब आणि मागचं टोक भिंतीवर? दुसरा प्रकार असेल तर चुलतभावाचं म्हणणं अर्ध्याहून अधिक खरं आहे आणि मागच्या भिंतींना लाकडी किंवा लोखंडी आधार दिल्याशिवाय तिथे कुणालाही झोपवू नका. एकाच वाड्यात दोन्ही प्रकार सापडतात, कारण पुढचा चौक एका पिढीने बांधलेला असतो आणि मागचा दुसऱ्या पिढीने, हात आखडता घेऊन.

मग वजन. गळलं की वर माती टाकायची, हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. जुनी माती कुणी काढत नाही. फुटभराचा थर पुढच्या पन्नास वर्षांत दोन फुटांचा होतो. हिशेब करून बघा. दहा फूट बाय दहा फूट जागेवर फूटभर चोपलेली माती म्हणजे साधारण साडेचार टन. दोन फूट झाली तर नऊ, आणि भिजली की त्याहून जास्त. माळवदात कडेला एक छोटा खड्डा घेऊन थर मोजा. मला वाटतं, आकडा पाहून तुम्हीही एक रात्र नीट झोपणार नाही.

यावरचा उपाय मात्र पाडापाडीचा नाही. आतून टेकू देऊन, वरून सगळीकडे सारखी, थोडी थोडी करत जादा माती उतरवायची. एका बाजूने रिकामं करत गेलात तर तोल जातो. सहा ते आठ इंच माती ठेवायची आणि तिच्या आत जाड प्लास्टिकचा थर घालायचा, म्हणजे कमी मातीतही पाणी अडतं. भूकंपानंतर या भागात जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचं काम झालं, त्यातलाच हा उपाय आहे. त्याच कामातल्या आणखी दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके आधार ठोकायचे, म्हणजे सांगाडा बाजूला कलत नाही. आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे भिंतीच्या दोन बाजू एकमेकींना धरून राहतात. जिथे भिंतीला पोट सुटलंय तिथे हे चालत नाही, तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो. हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, दगडमातीच्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. ज्याने फक्त आरसीसी केलंय तो पहिल्याच भेटीत "पाडा" म्हणेल, कारण त्याला दुसरं येत नाही.

आणि कंत्राटदाराची ती "दोघांचंही समाधान" वाली सूचना? ती साफ नाकारा. मातीत बांधलेल्या भिंतीवर पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर वजन, तेही एका अखंड कडक तुकड्याचं, आणि खालच्या भिंतीशी त्याचं काही नातं नाही. भिंत हलली की तो तुकडा सबंध खाली येणार. माळवद आणि आरसीसी या दोन्हींमधला धोका तेवढा उचलून एकत्र करण्याचा हा प्रकार आहे. स्लॅबच हवी असेल, तर तिला पायापासून स्वतःचे कॉलम लागतात. म्हणजे ते नवीन घर झालं. तसं स्पष्ट म्हणावं आणि तसा खर्च धरावा.

सिमेंटचा विषय निघालाच आहे तर आतल्या भिंतींकडेही बघा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणीतरी हौसेने माजघराला किंवा देवघराला सिमेंटचा गिलावा केलेला असतोच. दगडमातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत सोडून देते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आणखी वर चढते, आतली माती मऊ पडते, सिमेंट संपतं त्याच्या वरच्या पट्ट्यात लोणा, म्हणजे खाराची पांढरी पूड, फुटतो. लोक त्यावर आणखी वरपर्यंत सिमेंट मारतात आणि ओल तिच्याही वर जाते. असं दिसलं तर तो गिलावा हळूहळू, पट्ट्यापट्ट्याने काढा आणि भिंतीला एक पूर्ण उन्हाळा वाळू द्या. मग काड घालून कुजवलेल्या मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करा. चुना घट्ट व्हायला हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यावा लागतो, त्याला आठवडे लागतात. तोवर रोज पाणी मारून ओलसर ठेवायचा. चार दिवसांत काम उरकून द्या म्हणणाऱ्याला हे काम देऊ नका.

आणि वाड्याबाहेरचा रस्ता. खेडोपाडी दर काही वर्षांनी जुन्या सिमेंट रस्त्यावरच नवा रस्ता ओततात, त्यामुळे रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि गल्लीभराचं पाणी वाड्याच्या जोत्याला टेकतं. हजार रुपयांचा औषधी रंग लावून ती ओल जाणार नाही. भिंतीलगत चर, आणि चराला बाहेर पडायला वाट. यासाठी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, रस्त्याचं पुढचं काम निघायच्या आत.

आता सगळ्यात नको वाटणारी गोष्ट. दोन्ही चौक वाचवायचा हट्ट धरू नका. तुम्ही पुण्यात, भाऊ सोलापुरात. पैसा दोघांकडेही मोजकाच असणार. माझ्या मते पुढची ढाळज आणि पहिला चौक धरा, मागचा चौक सोडा. मागचं चांगलं लाकूड पुढच्या कुजलेल्या तुळया बदलायला येईल, दगड भिंतीला येतील. जुन्या वाड्यांची दुरुस्ती पिढ्यान्पिढ्या अशीच झाली. आज आपल्याला जो वाडा "मूळचा" वाटतो, त्यातही आधीच्या एखाद्या पडक्या भागाचे खांब असतात. रिकामी बळदं (भिंतीतली धान्याची कोठारं) आणि तळघर असेल तर तेही तपासून घ्या. कारण गावात कुणाच्या तरी डोक्यात "त्या वाड्यात हंडा आहे" हे खूळ असतं आणि बंद वाड्यात रात्री खणणारे लोक भिंतीचा पाया उकरून जातात. बाकी हंडा सापडलाच तर तो आपोआप तुमचा होत नाही बरं का. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही मिळालं, तर ते कलेक्टरला कळवावं लागतं. ही दहा रुपयांची मर्यादा इंग्रजांच्या काळातली आहे.

तीनशे वर्षांचं काय? घराणं तीनशे वर्षांचं असू शकतं आणि वाडा शंभर वर्षांचाही असू शकतो. दोन्ही एकदम खरं असायला हरकत नाही. वाड्याचं वय वाड्यालाच विचारा. खिळे काढून बघा. चौकोनी, हाताने ठोकून केलेले असतील तर काम जुनं. गोल, तारेचे असतील तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटानंतरचं. कुठे लोखंडी गर्डर दिसला तर त्यावर इंग्लंडातल्या कारखान्याचं नाव उठवलेलं असतं का, ते पाहा. "डॉर्मन लाँग" हे नाव आपल्याकडच्या जुन्या घरांत पुष्कळदा सापडतं. एवढं जड लोखंड औशाच्या बाजूला सहज पोचायला लागलं ते बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आल्यावर, म्हणजे १९११ नंतर. म्हणून गर्डर असलेला भाग बहुधा त्याच्या पुढचाच. चौकटींवर, तळखड्यांवर (खांबांखालच्या दगडांवर), देवघराच्या उंबऱ्यावर कोरलेला शक असतो कधीकधी. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. रंगाच्या थरांखाली तो बुजलेला असतो, त्यामुळे चौकटी घासायला देण्याआधी तिरपा उजेड पाडून बघा.

मोडीचं गाठोडं घराण्याच्या कीर्तीसाठी उघडणार असाल तर कदाचित निराश व्हाल. त्यात बहुधा कर्जाचे कागद, वाटण्या, विहिरीचे वाद आणि बैलांच्या किमती निघतील. मला स्वतःला हेच जास्त आवडतं. वाटणीच्या कागदात घराचे खण मोजून लिहिलेले असतात, कुणाला कोणता सोपा, कुणाला बळदासकट कोणती खोली, वापरायची वाट कुठून. वाड्याचा नकाशा म्हणून त्याच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. तुमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून काही कागद उर्दूत आणि त्याआधीचे फारसीत निघाले तर दचकू नका. त्यांवरचं साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं, असेल तर त्यात ५९० मिळवा. आणि सरकारी दप्तरात शोधायला गेलात तर एक लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट १९८२ पर्यंत लातूर जिल्हाच नव्हता, औसा तालुका उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात होता. लातूरच्या खिडकीवर "नोंद नाही" म्हणाले की लोक परत फिरतात, ते त्यामुळेच. शेतीसाठी १९५४ चं खासरा पत्रक पाहा, मराठवाड्यात जुन्या नोंदींचा पाया तेच मानतात. मोडी वाचणारे आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाहीत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तर मोडी वाचकांना एकदम मागणी आली. छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेख कार्यालय आहे, तिथे चौकशी करा.

कागदांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेपही लावू नका. चांगल्या हेतूने झालेलं याहून वाईट नुकसान मी पाहिलेलं नाही. ब्रश फिरवा, सुती कापडात बांधा, कोरड्या जागी ठेवा, दिवसाच्या उजेडात फ्लॅश न वापरता प्रत्येक पानाचे पाठपोट फोटो काढा. त्याचा एक संच चुलतभावाला द्या. सगळे कागद तुमच्याच पुण्याच्या कपाटात गेले, तर उद्या त्याचाच वाद होईल.

हे सगळं असलं तरी सगळ्यात जुनं दप्तर तुमच्या दोन आत्या आहेत. कोणत्या खोलीत बाळंतपणं व्हायची, रझाकारांच्या दिवसांत घरातली माणसं कुठे गेली होती, मागचा चौक कुणाच्या लग्नाआधी बांधला, हे कुठल्याच कागदात नसतं. फोनवर विचारू नका. शक्य असेल तर वाड्यात खुर्ची टाकून बसवा आणि बोलू द्या.

आत्यांकडे जायला आणखी एक कारण आहे. "तोंडी हक्क सोडलाय, त्यामुळे तो प्रश्न नाही" हे तुमचं वाक्य वाचून वकील हसतील. स्थावर मिळकतीतला हक्क तोंडी सुटत नाही, त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. आजोबा १९७४ मध्ये गेले, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू झाल्यानंतर. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर मुली म्हणून आत्यांचा त्यांच्या मिळकतीत वाटा उघडलाच. तो किती, हे वाटणीच्या जुन्या कागदांवर आणि इतर वारसांवर ठरेल, ते वकिलाकडून काढून घ्या. शिवाय तुमच्या आणि चुलतभावाच्या बहिणी असतील तर त्याही यात आहेत. "निम्मी निम्मी" हे गणितच मुळात चुकीचं आहे, आणि हे चुलतभावालाही ठाऊक नसावं. आत्यांचा वाटा कमी करण्याची युक्ती म्हणून हे सांगत नाही हो. वाड्याचा निर्णय ज्यांना घ्यायचाय त्यांत त्या दोघी आहेत, एवढंच. त्यांना विचारलंत तर कदाचित घरात तुमच्या बाजूची दोन मतं तुम्हाला आयतीच मिळतील.

नमुना ८ वर कुणाचं नाव आहे, यावर भिस्त ठेवू नका. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, तिच्यात गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कुणाकुणाची नावं लागली ते आत्ताच तपासा. बंद वाड्यांच्या बाबतीत मोजणीच्या दिवशी जो हजर असतो, त्याचं ऐकलं जातं. आणि कुणी रागाच्या भरात आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकलाच, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ ची आठवण ठेवा. त्या बाहेरच्याने राहत्या घराच्या वाटपाचा दावा लावला, तर घरच्या माणसाला कोर्ट ठरवेल त्या किमतीला तो हिस्सा विकत घेता येतो. वाड्याला सरकारी संरक्षण मिळेल का, असंही पुष्कळ जण विचारतात. १९६० चा राज्याचा कायदा आणि १९५८ चा केंद्राचा कायदा निवडक स्मारकांसाठी आहेत. खेड्यातला एक राहता वाडा त्यात बसण्याची शक्यता फार थोडी, तेव्हा त्या आशेवर एकही पावसाळा घालवू नका.

राहता राहिला वर चढणारा माणूस. होमस्टेचा विचार मनात आला असेल, तर तो बाजूला ठेवा. पर्यटक नसलेल्या गावात होमस्टे म्हणजे कोऱ्या चादरी घातलेलं आणखी एक बंद घर. त्याऐवजी पहिल्या चौकात एक कुटुंब राहायला ठेवा. झेडपी शाळेतले शिक्षक, आशाताई, गावातच घर शोधणारं एखादं नवं जोडपं, कुणीही. भाडं नाममात्र, पण चूल पेटायला हवी आणि रोज झाडलोट व्हायला हवी. "ते बळकावून बसतील" ही भीती रास्त आहे, म्हणून लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करा आणि त्याची नोंदणी करा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते. त्या करारातच लिहून टाका, की मेअखेर माळवदाची डागडुजी, खर्च मालकांचा, देखरेख राहणाऱ्याची, आणि झालेल्या कामाचे फोटो सगळ्या हिस्सेदारांना. खर्चासाठी सगळ्यांच्या नावाने एक खातं काढा आणि वर्षाला प्रत्येकाने त्यात आपल्या हिश्शाप्रमाणे रक्कम टाकायची. पहिल्याच वर्षी कोण टाकतं आणि कोण टाळतं, यावरून वाडा कुणाला हवाय ते कळेल. त्यात तुम्ही स्वतःही आलात.

चुलतभावाला माळवदाखाली झोपायचा आग्रह कधीच करू नका. मागच्या चौकाच्या मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी स्वतःसाठी पायापासून नीट, भूकंपाचे नियम पाळून दोन खोल्या बांधल्या तर तुमचं काय जातं? उलट सणावाराला ते घरात आले की वाड्याकडे बघणारं आणखी एक माणूस वाढेल. जेसीबीऐवजी हा प्रस्ताव घेऊन त्यांच्याकडे जा, इंजिनिअरचा अहवाल आणि मातीच्या थराचा फोटो बरोबर घेऊन. त्यांची भीती खरी होती हे कागदावर पाहिलं, की त्यांचाही सूर बदलू शकतो.

एवढं करूनही कुणाचं नाव निघालं नाही, राहायला कुणी मिळालं नाही आणि खातं रिकामं राहिलं, तर वाडा उतरवा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पडका वाडा पोरांच्या अंगावर कोसळण्यापेक्षा ते बरं. फक्त जेसीबी नको. आधी टेप घेऊन प्रत्येक खोली मोजा, खण न् खण कागदावर उतरवा, चारही बाजूंचे फोटो घ्या. मग वरून खाली, हाताने माती, किलचा, सर, तुळया, खांब या क्रमाने उतरवा आणि प्रत्येक लाकडावर खडूने नंबर टाका. यंत्राने पाडलं की कोरीव हस्त (खांबांच्या माथ्यावरचे लाकडी आधार) आणि तळखडे ढिगाऱ्यात जातात, आणि सागवानाचा व्यापारी तोच ढीग जळाऊच्या भावात मागतो. व्यापारी एकच बोलावू नका, तीन बोलावा, वेगवेगळ्या दिवशी. आणि सौदा होईल त्या दिवशी आत्यांपैकी एकीला तरी तिथे हजर ठेवा. पैशांच्या पावतीवर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या.